सर्वज्ञात आहे, असं मी लिहिलं

यंदा मोह लवकर गळायला लागला. आमच्या घरामागून कोळशाच्या ट्रकांचा रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे मोहाचं एकच झाड उरलं आहे. त्याच्या उघड्या फांद्यांवर राखेचा पातळ थर असतो. फुलंसुद्धा पडताना थोडी राख घेऊन पडतात. तरी वास लपत नाही. गोडसर, जड, किंचित आंबूस. पहाटे कूलरच्या टाकीत पाणी भरायला बाहेर आलो की तो अंगणात येऊन थांबलेला असतो. आत या म्हणायला मन होत नाही, अशा पाहुण्यासारखा.

शेजारी नवे राहायला आलेले इंजिनिअर परवा विचारत होते, "काका, इथे काही सडलंय का?"

"मोह आहे," मी म्हणालो.

"अच्छा. दारूचा," म्हणाले आणि आत गेले.

या वासानं लोकांना लहानपण आठवतं. मलाही आठवतं, पण त्या आठवणीच्या वाटेत एक फाईल आडवी पडलेली आहे. तिला ओलांडल्याशिवाय मला झाडापर्यंत जाता येत नाही. दर वर्षी हे दिवस आले की मी तिच्या अलीकडेच थांबतो. यंदा ओलांडायचं ठरवलं आहे.

आमचं गाव तलावाचं. वडील जाळ्यावर जगणारे. उन्हाळ्यात तलाव आटत आटत मधोमध एक डबकं उरायचं, त्यात बगळे आणि चिखल, आणि तेव्हा घर मोहावर चालायचं. तलावाच्या पाळीवर आमचा मोह होता. आमचा म्हणजे सातबाऱ्यावर नव्हे. जमीन सरकारची, पण झाड आमचं हे गावाला ठाऊक होतं. त्याच्या पुढचा मोह पेंदोरांचा. नाल्याकाठचा दोन विधवा बहिणींचा. कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकत नसे. जाता जाता पायाशी टपोरं फूल आलं तरी लोक पाय उचलून पुढे टाकायचे, हात खाली जायचा नाही.

फुलं गळायच्या आधी झाडाखालची जागा साफ करावी लागे. आई पालापाचोळा ओढून झाडाखाली जमवायची, कडेनं माती उघडी करायची आणि काडी लावायची. आग आपला घेर संपला की विझायची. काळ्या झालेल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी पिवळट पांढरी फुलं पडत, ती लांबून दिसत, वेचायला सोपी जात. आईच्या बोटांना चिकट गोडवा असायचा आणि त्यात राखेची चव. मला मोहाची चव राखेशिवाय आठवतच नाही.

त्या दिवसांत पाळीवर उभं राहिलं की जंगलातून जागोजाग धुराच्या काठ्या उभ्या दिसायच्या. कुठली कुणाची हे बघणाऱ्याला कळायचं. ती पेंदोरांची. ती बहिणींची. ती पलीकडच्या वस्तीवरची. आणि मध्येच कुणीतरी म्हणायचं, "थे कोनाची?" एवढ्या प्रश्नावर माणसं हातातलं टाकून हिरव्या फांद्या तोडून पळत सुटायची. जिथं कुणाचा मोह नाही तिथं धूर असेल तर तो वणवा.

हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. तहान लागली की पाणी प्यायचं हे जसं कुणी शिकवत नाही, तसं ते आलं. म्हणूनच आपल्याला काही विशेष माहीत आहे असं कधी वाटलं नाही. जगातल्या सगळ्यांनाच ते माहीत असणार, असंच मनात राहिलं.

पुढे मी शिकलो, गाव सुटलं आणि एका मोठ्या शहरातल्या पेटंट कचेरीत परीक्षक झालो. कुणी नवी युक्ती शोधली आणि तिच्यावर हक्क मागितला, तर ती हक्क देण्याजोगी आहे का हे तपासणारा माणूस म्हणजे परीक्षक. माझ्याकडे संगणकाचे अर्ज येत. युक्ती नुसती नवी असून भागत नाही. ती सहज सुचण्याजोगी नसावी लागते. सहज सुचण्याजोगी म्हणजे कुणाला, हा खरा प्रश्न.

त्यासाठी आमच्या कामात एक काल्पनिक माणूस असतो. आपल्या विद्येत तयार झालेला, छापून आलेलं सगळं वाचलेला, हाताचा चांगला, पण कल्पनाशक्ती बेताची. परीक्षकानं मनातल्या मनात त्याला समोरच्या खुर्चीत बसवायचं, अर्ज येण्याच्या आधीचं जग त्याच्या डोक्यात ठेवायचं आणि विचारायचं, तुला हे सुचलं असतं का? असतं, तर अर्ज नाकारायचा. मात्र नुसतं 'असतं' म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. आधीचे कागद दाखवायचे, आणि ते एकमेकांना जोडावेत असं त्या माणसाच्या मनात का आलं असतं त्याचं कारण द्यायचं. कागद सापडतात. अवघड असतं ते कारण.

संगणकाच्या अर्जांत तर ही जागा फारच निसरडी. यंत्र असलं की निदान चाक दिसतं, दट्ट्या दिसतो. अल्गोरिदम म्हणजे नुसत्या पायऱ्या. आधी हे बघ, मग ते मोज, तसं असेल तर इकडे वळ. नुसत्या गणिताला आपल्याकडे हक्क मिळत नाही; त्यातून प्रत्यक्ष जगात काही काम साधत असेल तरच पुढचा विचार. आणि पायऱ्या एकदा वाचल्या की दर वेळी वाटतं, यात काय एवढं. उत्तर डोक्यात शिरलं की ते नव्हतं तेव्हाचं डोकं परत मिळत नाही. उत्तर वाचून मागे चालत येऊ नका, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. पुढे नव्याने रुजू होणाऱ्यांना मीच ते शिकवायचो. चांगलं शिकवायचो, असं म्हणत.

ती फाईल आली तीही उन्हाळ्याच्या तोंडावर. वरिष्ठांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्याकडचं दिसतंय. तुम्हीच बघा."

अर्जदाराचं नाव प्रणिता मडावी. पत्ता चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या, वीज केंद्राच्या क्वार्टरचा. मागे कंपनी नाही, वकील नाही. एकट्या मुलीनं स्वतः लिहिलेला अर्ज.

तिची युक्ती अशी होती. उपग्रहाला जंगलातली आग तापलेल्या ठिपक्यासारखी दिसते. ठिपका दिसला की वनरक्षकाच्या फोनवर सूचना जाते. मोहाच्या दिवसांत गावोगाव झाडांखाली आगी लावतात, त्यामुळे सूचनांचा पाऊस पडतो. रक्षक धावून धावून थकतो आणि शेवटी फोनकडे बघणं सोडतो. मग खरा वणवा त्याच आवाजात वाजून जातो. यावर सगळे उपाय आगीच्या मोठेपणावर होते. किती तापली, किती पसरली. प्रणितानं मोठेपणा सोडून दिला. तिच्या पायऱ्या संगणकाला म्हणत होत्या, आधी मागच्या वर्षांचे ठिपके बघ. प्रत्येक गावाभोवती पुन्हा पुन्हा त्याच जागी उगवणारे ठिपके शोध. त्या त्या गावाची सवय त्यातून ओळख. मग आजचा ठिपका त्या सवयीत बसतो का बघ. बसला तर गप्प राहा. जागा सोडून असला तर लहान असला तरी ओरड.

थे कोनाची? एवढाच प्रश्न तिनं उपग्रहाला विचारायला शिकवला होता.

मी फाईल मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाहेर शहर होतं, गाड्या होत्या, आणि मला राखेची चव आली. मनात पहिलं वाक्य आलं ते असं: हे मला सुचायला हवं होतं. असेच धूर मी तलावाच्या पाळीवरून पाहिले होते, आणि माझं सगळं आयुष्य तर अल्गोरिदम वाचण्यात गेलेलं. दोन्ही टोकं माझ्याच हातात होती. मी ती कधी जुळवली नाहीत. खिडकीपासून टेबलापर्यंत परत येईतो ते वाक्य बदललं होतं. हे कुणालाही सुचलं असतं.

आज मला जे सांगायचं आहे ते या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे. ते चार पावलांत पार झालं आणि मला जाणवलंही नाही.

मग मी कागद शोधले आणि ते सापडले. एकात उपग्रहाच्या चित्रातून कारखान्यांची धुराडी वगळायची पद्धत होती. धुराडं एकाच जागी तापतं, त्याला आग समजू नये म्हणून. दुसरा बँकेचा. खातेदाराच्या खर्चाची सवय ओळखायची आणि सवयीबाहेरचा व्यवहार दिसला की सावध करायचं. दोन्ही कागद चांगले, खरे. पण धुराडं बारा महिने तापतं. मोहाखालची आग सकाळी लागते, दुपारी नसते, आणि पुढं वर्षभर तिचा पत्ता नसतो. तिला ठरलेली जागा आहे हे कुणाच्या मनात येणार? झाड कुणाचं तरी असतं, त्याखाली दरवर्षी तेच हात काडी लावतात, हे ज्याला माहीत आहे त्याच्याच. माझ्या खुर्चीतल्या काल्पनिक माणसानं सगळे कागद वाचले होते, पण तो मोहाखाली कधी गेला नव्हता. मी त्याला उचलून आमच्या पाळीवर नेऊन उभा केला. त्याला माझं नाक दिलं, माझ्या आईचा धूर दाखवला आणि विचारलं, सुचलं असतं ना?

दोन कागदांच्या मध्ये जी फट होती तिथं मी एक वाक्य बसवलं. जंगलालगतच्या गावांतील आगींच्या जागा ठरलेल्या असतात, हे सर्वज्ञात आहे. त्याला आधार म्हणून एकही कागद जोडला नाही, कारण तसा कागद नव्हता.

सुनावणीला ती स्वतः आली. गाडीनं रात्रभर प्रवास करून आलेली, ओढणीला कोळशाच्या गावाचा करडा रंग. खोलीतला एसी तिला सोसत नव्हता, पण तिनं तो कमी करायला सांगितलं नाही.

"सर, दोन्ही कागद मी वाचले," ती म्हणाली. "पण ते जोडायचं कुणाच्या मनात का येईल, ते मला कळलं नाही."

"आगींना ठरलेल्या जागा असतात हे माहीत असल्यावर कुणीही जोडेल."

"हे कुणाला माहीत होतं सर? कोणत्या कागदात आहे? मी खूप शोधलं. मले एकही..." ती थांबली. "मला एकही सापडला नाही."

"सर्वज्ञात गोष्टीला कागद लागत नाही."

"सर्वांना माहीत असतं तर गार्ड लोकांनी फोन पालथे करून कशाला ठेवले असते? इतकी वर्षं त्रास होता, इतके हुशार लोक त्यावर बसले होते. मग कुणी केलं काऊन नाही?"

या वेळी तिनं शब्द सुधारला नाही.

प्रश्न अगदी बरोबर होता. नव्या परीक्षकांना मी सांगायचो, अर्जदारानं हा प्रश्न विचारला तर तो टाळू नका, कारण इथेच सहज सुचणं म्हणजे काय ते कळतं. मी तो टाळला. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिच्या अर्जाकडे बोट दाखवून म्हणालो, "आणि तुम्ही सगळं मोहावर टाकलंय. गावात तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणूनही आगी लावतात. त्याचं काय?"

ती त्याचं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. बाजाराच्या गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यासारखं.

"सर, तुमचं गाव कोणतं?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"आहे सर," ती हळूच म्हणाली.

संबंध होता. मी गावाचं नाव घेतलं असतं तर त्या वाक्यातले 'सर्व' म्हणजे मी एकटा, हे त्याच खोलीत उघडं पडलं असतं. मी पुढचा मुद्दा काढला. काही आठवड्यांनी आदेश लिहिला आणि त्यात ते वाक्य तसंच ठेवलं. तिला वर दाद मागता आली असती. ती मागितली गेली नाही आणि मुदत सरली.

दुसऱ्या एखाद्या परीक्षकानं तो अर्ज मंजूर केला असता असं मी म्हणत नाही. कदाचित त्यालाही खोट सापडली असती. पण ती खरी असती.

निवृत्त झाल्यावर आणि पत्नी गेल्यावर मी या भागात परत आलो. गावी जाता आलं नाही, कारण गाव राहिलं नव्हतं. खाण सरकत सरकत आली आणि तलाव, पाळ, पाळीवरची झाडं सगळं घेऊन खाली गेली. तिथं आता एक मोठा पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा आहे. म्हणून चंद्रपुरात, ऊर्जानगरच्या वाटेवर घर घेतलं. गच्चीवरून वीज केंद्राची धुराडी दिसतात. त्यांना पाहून मला नेहमी तो पहिला कागद आठवतो.

सकाळी फिरून येताना ऊर्जानगरच्या गेटाजवळच्या टपरीवर चहा घ्यायचा नेम पडला. तिथंच देवाजीभाऊंची ओळख झाली. वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर जन्म घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही क्वार्टरच्या ओढीनं जवळच खोली करून राहिलेला. मूळचे जंगलातल्या एटापल्लीकडचे. मी मुळात कमी बोलणारा, तर ते म्हणायचे, "साहेब, तुमचे पाय चांगले चालतेत, तोंड काऊन चालत नाई?"

"तुमचं चालतंय ना दोघांच्या वाटचं."

"माह्यं तर पट्ट्यावानी हाये. बटन कोनी दाबलं का सुरू."

मागच्या वर्षी याच दिवसांत टपरीवाल्याच्या बायकोनं टोपलीत वाळवलेला मोह आणला होता. देवाजीभाऊंनी मूठभर उचलून हुंगला आणि मूठ तशीच धरून ठेवली. या वेळी बटण मोहाच्या वासानं दाबलं होतं.

"माही पोट्टी लय हुशार होती," ते म्हणाले. "तिनं या मोहाच्या आगीचं का तरी कंप्युटरवर बनवलं होतं. म्या साऱ्या क्वार्टरले सांगत फिरलो. सरकारकडून नाव लागनार हाये म्हनून."

मी कप बाकावर ठेवला. "मग?"

"मंग का. सरकारनं लेहून देल्लं का हे सर्वायले आधीच माईत हाये. इंग्रजीत होतं. क्वार्टरमधल्या एकानं वाचून सांगतलं, देवाजी, तुह्या पोरीनं दुसऱ्याचं उचललं. म्या घरी गेलो अन् तिले तेच इचारलं. तू कोनाचं उचललं?"

"काय म्हणाली?"

"काईच नाई. जेवन वाढलं मले. मंग एटापल्लीले गेली, तिथीच राह्यली. पोट्ट्यायले कंप्युटर शिकवते. फोन करते जी, नाई म्हनत नाई. बाबा जेवले का, गोळी घेतली का. बस." त्यांनी मोह परत टोपलीत टाकला. "आता तुमीच सांगा, तुमी सरकारी मानूस होते. सरकार खोटं लेहीन का?"

मी म्हणालो, "उशीर झाला, निघतो."

सहज सुचण्याजोगं म्हणजे चोरलेलं नव्हे. दोन्हींचा काही संबंध नाही. उलट, तिनं कुणाचं उचललेलं असतं तर मला दोन वेगवेगळे कागद जोडावेच लागले नसते, तो एकच कागद पुरला असता. पण हा फरक आमच्या कचेरीच्या भिंतींच्या आत राहतो. वाक्य बाहेर पडलं, गाडीत बसलं, क्वार्टरच्या जिन्यात पोचलं, तोवर त्याचा अर्थ एवढाच उरला होता. माझ्या वाक्यानं तिचा हक्क गेला, हे मला ठाऊक होतं. बाप गेला, हे त्या दिवशी कळलं.

आणि तरी मी वर्षभर गप्प बसलो. रोज त्या टपरीवर गेलो, रोज चहा घेतला. पाऊस येऊन गेला, धान कापून झालं, थंडीत आम्ही दोघं एकाच शेकोटीला हात शेकले. देवाजीभाऊ माझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवत. माझी तब्येत बिघडली तेव्हा घरी येऊन खिचडी करून गेले. त्यांच्या प्रत्येक चांगुलपणानं सांगणं आणखी अवघड होत गेलं. जाणारे दिवस मला बरे वाटत होते, हे मी लपवणार नाही. मग पळस फुलला आणि मोहाची पानं झडू लागली.

गेल्या आठवड्यात सांगितलं. टपरीवर एक तरुण वनरक्षक बसला होता. त्याचा फोन वाजला. थोड्या वेळानं परत वाजला, आणि परत. त्यानं न बघताच तो बाकावर पालथा ठेवला. "सीझन हाय जी," मी बघतोय हे पाहून तो ओशाळून म्हणाला. "दिवसभर असाच वाजते." चहा संपवून तो गाडीला किक मारून निघून गेला.

"देवाजीभाऊ," मी म्हणालो, "प्रणिताचा तो कागद मी लिहिला होता."

"कोनता कागद?"

"तिला नाही म्हटलं तो. मीच तो साहेब."

त्यांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला. त्यावर साय धरली.

"मंग तिनं उचललं होतं का नाई?"

"नाही. कुणाचंच नाही. तिचं तिनंच शोधलं होतं."

"मंग सर्वायले माईत हाये असं काऊन लेहलं?"

"मला माहीत होतं म्हणून. मी मोहाच्या गावचा. वाचल्यावर मला वाटलं, यात काय, हे तर आहेच."

"तुमाले माईत म्हंजे सर्वायले?"

मी मान डोलावली.

"तुमी एकले किती जन होते साहेब?" देवाजीभाऊ म्हणाले.

त्यांच्या आवाजात चेष्टेचा नेहमीचाच सूर होता, फक्त चेहरा त्याच्या बरोबर नव्हता. बशी बाकावर ठेवून त्यांनी फोन काढला आणि स्पीकर लावला. पलीकडे मुलांचा गलका होता.

"हां बाबा. जेवले का?"

"पोरी, थे साहेब इथी बसले हायेत. ज्यायनं तुह्यं नाई म्हटलं, थे. म्हंतेत का तुह्यंच होतं."

गलका चालू राहिला. देवाजीभाऊंनी फोन माझ्यापुढे धरला. मी ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, की त्या वाक्याला आधार नव्हता, तुम्ही विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही.

"आता त्याचं काय होतं सर?"

"काही होत नाही. मुदत गेली."

"माहीत आहे मला." तिनं मुलांना गप्प बसायला सांगितलं. मग म्हणाली, "सर, तुमचं गाव कोणतं?"

"पळसबोडी," मी म्हणालो. "तलावाच्या पाळीवर आमचा मोह होता. खाणीत गेलं सगळं."

तिला आणखी काही विचारायचं असेल म्हणून मी थांबलो.

"फोन बाबांकडे द्या," ती म्हणाली.

देवाजीभाऊंनी स्पीकर बंद केला. फोन कानाला लावून ते टपरीपासून लांब, गेटाच्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. ते बोलत होते की ऐकत होते ते इथून कळत नव्हतं. मधूनच एक हात वर जायचा आणि तसाच खाली यायचा. कंपनीची बस आली, माणसं उतरली, चढली, बस गेली. ते तिथंच उभे होते. त्यांचा चहा संपला नव्हता. मीही उठलो नाही.

परत आले तेव्हा ते बसले नाहीत. म्हणाले, "मले सांगतलं, तिले सांगतलं. क्वार्टरमधल्या लोकायले कोन सांगनार? त्यायले मराठी वाचता येते."

म्हणून हे लिहिलं. ज्यांनी ते इंग्रजी वाक्य देवाजीभाऊंना वाचून दाखवलं, ज्यांनी ते जिन्यात एकमेकांना सांगितलं, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की प्रणिता मडावी हिनं कुणाचंही काही उचललं नव्हतं. जे तिला सुचलं ते तिच्याआधी कुणी कुठं लिहिलेलं नव्हतं. सर्वांना माहीत आहे असं जे लिहिलं गेलं ते एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला ते सुचलं नव्हतं.

त्यानंतर देवाजीभाऊ टपरीवर आलेले नाहीत. एटापल्लीला गेलेत, असं टपरीवाला म्हणाला. किती दिवसांसाठी ते त्याला ठाऊक नाही. बाकावर त्यांच्या जागी मी पिशवी ठेवतो.

आज पहाटे टाकीत पाणी भरून झाल्यावर मी पहिल्यांदाच रस्ता ओलांडून त्या झाडाखाली गेलो. खाली कुणी साफ केलेलं नव्हतं, आग लावलेली नव्हती. पाचोळ्यात फुलं पडली होती, आणखी पडत होती, टप टप, मध्ये थांबून परत. एक माझ्या चपलेशी येऊन पडलं. टपोरं होतं. हे झाड कुणाचं आहे, मला माहीत नाही. मी पाय उचलून पुढे टाकला. वाकलो नाही.